बारा ठिपके आणि सात हजार दोनशे

सोळा ऑगस्ट, शुक्रवार, सकाळी साडेअकरा. रक्कम सात हजार दोनशे रुपये, रोख. ठिकाण आमच्या गावच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेतली ऑफिसची खोली. हजर माणसं सहा: मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, समितीचे दोन सदस्य, चौथीचे गुरुजी आणि मी. सातवं माणूस माझी मुलगी, तीही चौथीतलीच. तिला खुर्ची दिली नव्हती. दारापाशी उभं केलं होतं. अध्यक्षांनीच निरोप धाडला होता, पोरीला बी आणा, नुकसान म्हंजे काय असतं ते तिला कळू द्या.

मी बाजार समितीत मापाडी आहे. एकवीस वर्षं हळद, सोयाबीन आणि तूर मापतो. पोतं काट्यावर पडलं की आकडा मोठ्यानं ओरडायचा आणि वहीत लिहायचा. ओरडलेला आकडा मागं घेता येत नाही, म्हणून ओरडण्याआधी दोनदा बघायची सवय लागली. त्या दिवशी ऑफिसात आकडा दुसऱ्यानं ओरडला आणि मी एकदाही न बघता मोजून दिला. यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. त्यांना तर नाहीच.

बोर्ड जूनमध्ये आला होता. खाटेएवढा, पांढराशुभ्र, चौथीच्या वर्गातल्या भिंतीवर ठोकलेला. वर लोखंडी दांड्यावर प्रोजेक्टर, बाजूच्या टेबलावर लॅपटॉप. बोर्डाला बोट लावलं की चित्र सरकायचं, अक्षर उमटायचं, उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजायच्या. सगळं लोकवर्गणीतून घेतलं, एक लाख अठरा हजार पाचशेला. अध्यक्षांचे त्यात एकवीस हजार. त्यांचं खता-बियाण्याचं दुकान फाट्यावर आहे. आमच्या तांड्याचे नऊ हजार सहाशे. अठ्ठेचाळीस घरं, घरामागं दोनशे, गोळा करणारा मी. शाळेच्या भिंतीवर देणगीदारांची यादी ऑइलपेंटनं रंगवली तेव्हा अध्यक्षांचं नाव सर्वांत वर, वीतभर अक्षरांत आलं. अठ्ठेचाळीस घरांची मिळून एक ओळ सर्वांत खाली आली: समस्त तांडा. चालायचंच. बोर्ड लेकरांसाठी होता.

बसवायला आलेल्या माणसानं पंधरा मिनिटांत सगळं समजावून सांगितलं म्हणे. ऐकायला कोणी नव्हतं. त्या पंधरा मिनिटांत गाव बोर्डाची पूजा करत होतं. मुख्याध्यापक नारळ फोडत होते, गुरुजी फोटो काढत होते, बाया चौकटीला हळदकुंकू लावत होत्या. माहितीची पुस्तिका सुकलेल्या हाराबरोबर कपाटात गेली. बोर्डावर चादर आली आणि शेजारी पाटी आली, 'हात लावू नये'. हात लावायसाठीच घेतलेल्या वस्तूवर ही पाटी. खरं सांगतो, तेव्हा मला त्यात काही चूक दिसली नाही. महागाची वस्तू आपण सगळे अशीच ठेवतो. माझ्या घरी टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. गुरुजी आठवड्यातून एकदा चादर काढून गाण्याचा किंवा गोष्टीचा व्हिडिओ लावायचे, लेकरं हाताची घडी घालून बघायची, पुन्हा चादर.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला केंद्रप्रमुख साहेब आले. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी ते. म्हणाले, "बोर्ड घेतलाय ना गावानं? मग दाखवा की." सगळे चौथीच्या वर्गात जमले. गुरुजींनी अपूर्णांकांचा खेळ लावला. बोर्डावर तीन भाकरी आल्या, एक पाव, एक अर्धी, एक पाऊण. 'पाऊण भाकरीला बोट लावा.' गणितात माझी मुलगी वर्गात पहिली, म्हणून तिलाच बोलावलं.

तिनं पाऊण भाकरीलाच बोट लावलं. मी तिसऱ्या रांगेत होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण लाल झाली ती शेजारची अर्धी. गाढव ओरडल्यासारखा आवाज झाला आणि रडका चेहरा उमटला. लोक हसले. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा गाढव. तिसऱ्यांदा तिनं दोन्ही हातांनी जोर लावून दाबलं, तेव्हा चित्र जागीच थिजलं, काही केल्या हलेना.

"अगं ए, दाबून काय राहिली! कणीक हाय काय ते?" अध्यक्ष खुर्चीतून उठले. "फोडला. बगा साहेब, फोडला पोरीनं."

"तांड्यावरचे हात हायेत ते," मागून कोणी तरी म्हणालं. "हंडे उचलणारे. त्यायला बोर्ड काय टिकतो?"

पुन्हा हसू. मुलगी रडली नाही. दोन्ही हात काखेत दाबून जागेवर येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अध्यक्षांनी बोर्ड विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "टच चुकत असंल तर फ्रेम गेली असंल. सात हजार दोनशे लागतील. माणूस पाठवतो." फोनवरच रोग ठरला, फोनवरच औषध.

"ऐकलं ना मापाडी?" अध्यक्ष म्हणाले. "आता मी काय बोलू? गावाचा पैसा हाय. माझे एकवीस हजार हायेत त्याच्यात."

"पोरीनं एकदाच हात लावला मालक."

"एकदा? तीनदा लावला. साऱ्या गावानं मोजलं. तुमी तर मोजणारे माणूस!"

सदस्य हसले. मुख्याध्यापकांच्या निवृत्तीला दहा महिने उरले होते. ते टेबलावरच्या काचेकडं बघत म्हणाले, "भाऊ, मिटवून टाका. वर कागद गेला तर मला तकलीफ हाय."

बायकोनं सकाळी डब्यात होते तेवढे सगळे पैसे माझ्या खिशात घातले होते. त्यातून चौदा नोटा पाचशेच्या आणि एक दोनशेची मोजून दिली. अध्यक्षांनी रक्कम स्वतःच्या खिशात ठेवली. "कारागीर येईस्तोवर माझ्यापाशी राहू द्या."

मी पावती मागितली.

"पावती काहून? इश्वास न्हाई का?"

"इश्वास हाय. पावती बी द्या."

मुख्याध्यापकांनी लिहून दिली, अध्यक्षांनी सही ठोकली. 'इयत्ता चौथीच्या विद्यार्थिनीने फोडलेल्या बोर्डाची नुकसानभरपाई.' मी ती वाचली, घडी घातली आणि मुलीला घेऊन तांड्यावर आलो.

कारागीर आला नाही. सप्टेंबरमध्ये विचारलं, तर "फवारणीचे दिवस हायेत, सवड कुणाला?" ऑक्टोबरमध्ये विचारलं, तर "सोयाबीन निघू द्या." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं होती. अध्यक्ष त्यांना म्हणाले, "पोरगी फोडती अन् बाप पैशाची उगराणी करतो." चौघंही हसले. त्यातल्या दोघांचा माल मी वर्षानुवर्षं मापत आलोय.

शाळेत मुलीला 'फोडी' नाव पडलं. सप्टेंबरातच गुरुजींची बदली झाली आणि चौथीला नव्या मॅडम आल्या. त्यांनी बोर्डाचं विचारलं, तर मुख्याध्यापक म्हणाले, दुरुस्तीला पडलाय. मॅडम हटल्या नाहीत. अपूर्णांक शिकवायला स्वतःच्या डब्यातली भाकरी वर्गात कापायला लागल्या. दिवाळीआधी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"तुमची मुलगी तोंडी उत्तर कुणाच्याही आधी देते," त्या म्हणाल्या. "पण फळ्यापाशी या म्हटलं की येत नाही. खडू हातात घेत नाही. जागेवर हात काखेत घालून बसते. घरी काही झालंय का?"

"घरी न्हाई," मी म्हणालो. "हितंच झालंय." आणि सगळं सांगितलं.

आमची शाळा चौथीपर्यंत. पुढं सगळी लेकरं जवळा बाजारच्या शाळेत जातात, सगळी एकाच गाडीनं. म्हणजे नावही त्याच गाडीत बसून जाणार. एप्रिलच्या आत ते नाव काढायचं, एवढं मी त्या दिवशी ठरवलं. कसं, ते माहीत नव्हतं.

अठरा नोव्हेंबर, सोमवार. माझी बहीण हट्ट्याकडच्या एका गावात दिली आहे. तिच्या घरची हळद मापायच्या निमित्तानं गेलो होतो. भाचा तिथल्या शाळेत तिसरीला. त्याचा डबा घरी राहिला, तो द्यायला मी गेलो, आणि वर्गाच्या दारात थबकलो. भिंतीवर तोच बोर्ड. तीच चौकट, तसाच लोखंडी दांडा. चादर नाही, पाटी नाही. खालच्या काठाला लेकरांच्या बोटांचे मातकट डाग.

बोर्डासमोर एक मुलगी उभी होती. बोर्डावर एक फुली उमटायची, ती बोट लावायची, फुली विझायची, दुसरीकडं उमटायची. सगळा वर्ग मोजत होता, एऽक, दोऽन, तीऽन. बारा झाल्यावर लेकरांनी टाळी वाजवली आणि भांडण लागलं.

"बाई, पुढच्या सोमवारी माझी पाळी!"

"तुझी झाली ना दिवाळीआधी! खोटारड्या!"

बाईंनी मला बघितलं. मी डबा दिला आणि विचारलं, हे काय चाललंय?

"ठिपक्यांची पाळी. दर सोमवारी एकाची. बोर्डाला आठवण करून द्यावी लागते हो, चित्र कुठंय आणि बोट कुठंय. वरचा प्रोजेक्टर बोटभर जरी हलला, तरी बोट इकडं आणि ठिपका तिकडं."

मी विचारलं, "म्हणजे टच चुकतो?"

"चुकतोच. पाऊणला लावलं तर अर्ध्याला लागेल."

"आणि फ्रेम जाते का? फुटतो का बोर्ड?"

बाई हसल्या. "लेकराच्या बोटानं? अहो, आमची तर लटकतात त्याला. मोडत नाही. परत शिकवायचं, बास."

"खर्च किती?"

"बारा ठिपके. दोन मिनिटं."

मी पुन्हा विचारलं, खर्च किती. त्यांना वाटलं असेल, माणसाला ऐकू येत नाही. मग लेकरांचं काम सुरू झालं आणि मी दारातच उभा राहून पाहिलं. बोर्डावर आपल्या जिल्ह्याचा नकाशा होता. एक पोरगं दोन बोटांनी ताणून आपलं गाव शोधत होतं, बाकीची ओरडून रस्ता सांगत होती. "कनेरगाव नाक्याला काय चाललास? खाली ये, खाली!" कोणी चुकलं की गाढव ओरडायचं आणि सगळी त्या गाढवाची नक्कल करायची, चुकलेला सुद्धा. गाढवाला इथं कोणी भीत नव्हतं. माझ्या मुलीला ते एकटीला ऐकावं लागलं होतं, सगळ्या गावापुढं.

म्हणजे कोणी तरी प्रोजेक्टर हलवला होता. बसमध्ये मी तेवढाच विचार केला. लगेच काही आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी युरियाची चौकशी करायला अध्यक्षांच्या दुकानात गेलो तेव्हा उत्तर समोरच टांगलेलं होतं. गल्ल्याच्या मागं, दारातून येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं, रंगीत फ्लेक्स: 'भव्य शेतकरी मेळावा, १२ ऑगस्ट'. अध्यक्ष हात जोडून उभे. मागं पडद्यावर औषध कंपनीची फिल्म. आणि अध्यक्षांच्या कोपराशी, टेबलावर, प्रोजेक्टर. शाळेच्या घंटेपासून बादलीपर्यंत प्रत्येक वस्तूवर असतात तशी त्याच्या बाजूवर लाल रंगाची अक्षरं.

त्या मेळाव्याला मी स्वतः होतो. भजी खाल्ली होती, दोन प्लेट. प्रोजेक्टरकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं. शाळेतून काढून आणला, काम झाल्यावर परत दांड्यावर चढवला, चित्र चौकटीत बसलं म्हणजे झालं असं समजून नट आवळले. चित्र बसलं होतं. बोटाचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण बोर्डाला बोट लावायचं असतं हेच कोणाला माहीत नव्हतं. पंधरा ऑगस्टला माझ्या मुलीनं पहिल्यांदा लावलं. तीन दिवसांचं अंतर.

मी मोबाइल काढला. दुकानातल्या माणसाला म्हटलं, औषधाच्या बाटलीवरचं नाव टिपून घेतो. फोटो फ्लेक्सचा काढला, तीन वेळा, जवळून.

घरी बायकोला सांगितलं. ती गोरमाटीत, आमच्या तांड्याच्या बोलीत म्हणाली, त्याचा अर्थ असा की, उद्याच जा, नीट करा आणि पोरीला मोकळं करा.

मी म्हणालो, "उद्या नीट केला तर म्हणतील, आपोआप झाला. न्हाई तर म्हणतील, त्या सात हजारात झाला. फोडणारी ती फोडणारीच राहील. गावानं बगितलं पायजे."

हे कारण खरं होतं. पण ते पूर्ण वजन नव्हतं. मला अध्यक्षांचं तोंड बघायचं होतं, भरल्या गावात, त्याच केंद्रप्रमुखांपुढं, त्याच वर्गात. रोज काट्यावर पोतं पडलं की मी आकडा ओरडायचो आणि मनात ते तोंड बघायचो. मला झोपही बरी लागायची.

चार शनिवार मुलीला बहिणीच्या गावी नेलं. तिची सकाळची शाळा चार दिवस बुडाली, तेही लिहून ठेवतो. तिथल्या बाईंनी एका शब्दानं नाही म्हटलं नाही. पहिल्या शनिवारी ती बोर्डापासून हातभर लांब उभी राहिली. भाच्यानं तिचं मनगट धरून बोट टेकवलं. "ताई, दाब की, चावत न्हाई." दुसऱ्या शनिवारी तिनं बारा ठिपके एकटीनं केले. चौथ्या शनिवारी ती पेनड्राइव्ह लावून चित्र उघडत होती, दोन बोटांनी मोठं करत होती आणि लहान लेकरांना रांगेत उभं करत होती.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "बापू, सोमवारी आपल्या शाळेत करू का? दोनच मिनिटं लागतेत."

"थांब."

"किती दिवस?"

"सव्वीस जानेवारी."

तिनं बोटांवर मोजलं. "तवर मला फोडीच म्हणतील."

"म्हणू दे," मी म्हणालो.

ती खिडकीकडं वळली. पुढं तिनं कधीच विचारलं नाही. रोज त्या चादरीशेजारी बसून आली, आणि कोणाला सांगितलं नाही.

जानेवारीत मी स्वतः केंद्रात जाऊन साहेबांना आमंत्रण देऊन आलो. सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं, भाषणं झाली. अध्यक्ष स्वच्छतेवर बोलले. ते खाली बसायच्या आत मी उभा राहिलो.

"साहेब, पाच मिनिटं द्या. माझ्या पोरीला बोर्डाला हात लावायचाय."

मैदानात कुजबुज झाली. अध्यक्ष मोठ्यानं म्हणाले, "आता काय राह्यलंय फोडायचं?"

"फोडला तर नवा घेऊन देतो. आत्ताच लिहून घ्या, साहेबांची सही घ्या."

मुख्याध्यापक हात हलवत होते, नको नको. साहेब मात्र हसले. "होऊ द्या हो. माणूस एवढं छातीठोक बोलून राहिला."

सगळे आत आले. जे मावले नाहीत ते खिडक्यांना लागले. चादर निघाली. मुलीनं लॅपटॉप चालू केला, पहिली फुली उमटली. तिनं बोट लावलं. पहिल्या तीन फुल्यांना कोणी बोललं नाही. चौथीला मागून एका बारक्या पोरीनं मोजलं, "चाऽर." पाचला दहा जण, सातला सगळा वर्ग. बारा म्हणताना खिडकीतली मोठी माणसंही होती. मग तिनं तोच अपूर्णांकांचा खेळ लावला. तीन भाकरी. तिनं पाऊण भाकरीला बोट लावलं आणि बोर्डातून टाळ्या वाजल्या.

"खर्च शून्य," मी आकडा ओरडतो त्या आवाजात ओरडलो. "बारा ठिपके, दोन मिनिटं. बोर्ड फुटलेला नव्हता. प्रोजेक्टर हलवला व्हता. कोणी, ते बी दाखवतो. बेटा, लाव."

तिनं पेनड्राइव्ह लावला. भिंतभर फ्लेक्स उमटला, अध्यक्ष हात जोडून.

"ते लाल अक्षरं मोठी कर."

तिनं दोन बोटं टेकवून ताणली. अध्यक्षांचं तोंड बाजूला सरकून चौकटीबाहेर गेलं आणि कोपराशेजारचा प्रोजेक्टर मोठा झाला. लेकरांचं एक असतं, बोर्डावर अक्षर दिसलं की ती वाचतातच, सांगावं लागत नाही. सगळ्या वर्गानं सूर लावून वाचलं, "जिऽल्हा परिऽषद प्राऽथमिक शाऽळा." मग तिनं चित्र खाली ओढलं आणि त्यांनी पुढचं वाचलं, "भव्य शेऽतकरी मेऽळावा, बाऽरा ऑऽगस्ट." त्यात सर्वांत मोठा आवाज दुसरीतल्या एका पोराचा होता. ते अध्यक्षांचं पोरगं. हे माझ्या हिशेबात नव्हतं. मिळालं ते मी घेतलं.

मी पावती काढून साहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली आणि अध्यक्षांकडं बघितलं.

"मेळावा गावासाठीच व्हता ना साहेब," अध्यक्ष म्हणाले. "माझ्या घरच्या लग्नाला न्हाई नेला. अन् पैसे मी काय खाल्ले? कारागिरासाठी ठेवलेत."

"कारागीर आत्ताच काम करून गेला," साहेब मुलीकडं बोट दाखवत म्हणाले. "पैसे आणा."

मी ज्या तोंडाची वाट पाहिली होती ते मला दिसलं. घाम आला होता, ओठ हलत होते, नजर दार शोधत होती. मी पोटभर पाहिलं. माणसं म्हणतात, सूड घेतल्यावर रितं वाटतं. मला तसं काही वाटलं नाही. बरं वाटलं.

अध्यक्ष पैसे आणायला दुकानात गेले. मी व्हरांड्यात थांबलो. माझ्या मनात पुढचं ठरलेलं होतं. पैसे मी घेणार नव्हतो. ते त्यांनी मुलीच्या हातात द्यायचे, उभं राहून, सगळ्यांपुढं, आणि 'फोडलेल्या' शब्दावर स्वतः काट मारून सही करायची.

मॅडम बाहेर आल्या. मला वाटलं, अभिनंदन करतील.

"हे ठिपक्यांचं तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "अठरा नोव्हेंबरला."

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. मग म्हणाल्या, "एकोणसत्तर दिवस झाले."

"सुट्ट्या सोडून सत्तावन्न," मी म्हणालो. मोजलेले होते.

"सत्तावन्न दिवस मी डब्यातली भाकरी कापली. एकोणतीस लेकरं आहेत वर्गात. आणि ती? तिला पण माहीत होतं?"

"व्हय."

"आणि गप्प बसली. तुमच्यासाठी." एवढं म्हणून त्या आत गेल्या. पुन्हा तशी वेळ आली तर मी काय करीन, याची खात्री देत नाही.

अध्यक्ष पाऊण तासानं आले. दोन्ही सदस्य त्यांच्या मागं नव्हते. मैदान रिकामं होतं. सगळं गाव चौथीच्या खिडक्यांना पाठमोरं चिकटलेलं, आत लेकरांची रांग लागलेली, गाढव ओरडत होतं आणि त्याच्यावर लेकरांचं हसणं. साहेबही आतच होते, जिल्ह्याच्या नकाशात स्वतःचं गाव शोधत होते. मी दारातून मुलीला हाक मारली.

"बेटा, भाईर ये. पैसे घ्यायचेत."

तिनं मागं बघितलंसुद्धा नाही. हात बोर्डावर होता, बाजूच्या फळ्यावर पाळ्यांची नावं लिहून बोटं खडूनं पांढरी झाली होती. "तुमीच घ्या बापू! माझी पाळी आलीय!"

मी दोनदा हाक मारली. मग तिसऱ्यांदा मारली नाही.

ऑफिसात आम्ही तिघंच बसलो. मुख्याध्यापकांनी 'फोडलेल्या' वर काट मारली, अध्यक्षांनी शेजारी सही केली. सही करताना त्यांना कोणी पाहिलं नाही. मी नोटा मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. पाचशेची एक नोट कडेला फाटलेली होती, ती परत केली.

"चालती ना हो," अध्यक्ष म्हणाले.

"मला न्हाई चालत."

"बदलून आणायला आता पुन्हा दुकानात जाऊ का?"

"जा. मी बसलोय."

ते गेले. मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "भाऊ, रक्कम शाळेला देणगी म्हणून टाकली तर शोभून दिसंल. गाव टाळ्या वाजवंल." मी नाही म्हणालो. वीस मिनिटांनी दुसरी नोट आली.

सव्वीस जानेवारी, दुपारी पावणेएक. अध्यक्षांनी दिले सात हजार दोनशे रुपये, रोख, मला. हजर मुख्याध्यापक. पैसे मी घरी नेले.